काचेची शेळी

आधीच माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाली तेव्हा पुढची शाळा ओढ्याच्या पलीकडं होती, आणि पोरीला ओढ्याच्या पलीकडं पाठवायचं नाही असं वडिलांनी ठरवलं. त्यामुळं जोडाक्षर आलं की हात अजून थांबतो. हे कुणाला दाखवायचं नाही. चार माणसांत माझा आवाज घशाच्या वर येत नाही, म्हणून लिहिते.

दुसरी एक गोष्ट आताच करून टाकते. माझ्या थोरल्या जावेला मी तोंडावर अक्का म्हणते, अहो-जाहो करते, सणाला पाया पडते. कागदावर करणार नाही. इथं ती नुसती जाऊ.

आमचं घर सास्तूरला. तिचं घर आणि आमचं घर शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. सासूबाई गेल्यापासून दोन्ही भावांच्या शेताचा पैसा तिच्या कपाटात राहतो आणि किल्ली तिच्या कमरेला. आमचे मालक उसाच्या हंगामात ढोकीकडं ट्रॅक्टर चालवतात, बाकीचं वर्ष शेतात असतात. मी ब्लाऊजवर आरीकाम करते. कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं आणि आकड्याच्या सुईनं जरी, मणी, टिकल्या भरायच्या. नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीवर मोर, कमळ, पालखी, लोकांना जे पाहिजे ते.

सुई चालवणं मला येतं. माझी अडचण नक्षीची होती. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो पाठवतं. तो फोटो खऱ्या मापात कागदावर उतरवावा लागतो, मग कागदाला टाचणीनं भोकं पाडून, वरून पावडर फिरवून तो कापडावर घ्यायचा. मोबाईलची काच तळहाताएवढी आणि पाठीवरचा मोर वीतभर. मग मी मोर तुकड्यातुकड्यानं काढायची. मान एकदा, पोट एकदा, पिसारा तीनदा, आणि नंतर जोडायचा. माघात माकणीच्या एका घरचं काम आलं. त्या मोराची मान आखूड झाली. मला चौकटीवर ते कळलंच नाही, ब्लाऊज अंगात घातल्यावर कळलं. नवरीच्या आईनं आमच्या अंगणात उभं राहून, भिंतीपलीकडं जाऊ ऐकत होती हे बघून, सांगितलं, "ह्यो मोर न्हाय बाई, बदक हाय." कापडाचे पैसे मी भरून दिले. ती बाई नंतर कधी आली नाही, आणि मी तिच्या लेकीच्या संसाराला काही बरं चिंतलेलं नाही.

लोहाऱ्याला झेरॉक्सच्या दुकानात फोटो मोठा करून मिळतो, हे मला माहीत होतं. दोनदा गेले. काळा ठिपका उठतो, रेषा एकात एक जातात, पण ते मी चालवून घेतलं असतं. आरीकामाचा फोटो म्हणजे कुणाच्या तरी पोरीची उघडी पाठ असते. झेरॉक्सवाल्यानं तो फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर दाराएवढा केला आणि मागं उभ्या माणसाला म्हणाला, "बघा, आमच्याकडं कसली कसली कामं येत्यात." दोघं हसले. ती पाठ गावातल्या पोरीची होती, तिनं विश्वासानं पाठवलेली. मी पदर पुढं ओढून उभी राहिले, जशी काही ती माझीच पाठ. त्यानंतर त्या दुकानाची पायरी चढले नाही.

टॅबलेटचं मालकांनी हंगाम संपवून आल्यावर काढलं. त्यांच्या ट्रॅक्टरच्या मुकादमाकडं होता, पोळपाटाएवढ्या काचेचा. त्याच्यावर मोर अख्खा मावेल, असं ते म्हणाले. मी तेव्हापासून दुसरा विचार केला नाही. पण किंमत ऐकली आणि डब्यातले पैसे मोजले. आमच्याकडं निम्मे होते. बाकीचे कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला ते वर लिहिलंच आहे.

मालकांनी तिला विचारलं तेव्हा मी चुलीपाशी होते. ती भिंतीच्या पलीकडूनच बोलली, म्हणजे गल्लीलाही ऐकू जावं. मोबाईल असताना अजून एक मोबाईल कशाला, आज मोठा घ्याल, उद्या भिंतीएवढा मागंल. मालक म्हणाले की कामासाठी आहे. त्यावर ती म्हणाली, "एवढ्या पैशात दोन शेळ्या येत्यात भावजी. शेळी दूध देती, करडं देती. ती काच काय देणार हाय?"

तिथून त्याचं नाव काचेची शेळी पडलं. वस्तू घरात यायच्या आधी गल्लीतल्या बायका मला नळावर विचारायच्या, काय गं, शेळी बघितलीस का, शिंगं हायेत का. मी घागर भरून घरी यायची. उत्तर मला घरी यायच्या वाटेवर सुचायचं, म्हणजे काही उपयोग नाही.

तरी पैसे घालवायच्या आधी बघून यावं म्हणून आम्ही उमरग्याला गेलो. मी ब्लाऊजच्या पाठीच्या मापाचा पातळ कागद घडी करून पिशवीत घेतला होता. दुकानदार सगळं मालकांशी बोलत होता. सिनेमा कसा दिसतो, आवाज किती मोठा, गेम कसे खेळतात. आमच्या घरात गेम कोण खेळणार होतं, ते त्याला विचारायला पाहिजे होतं. मी मालकांच्या कानात सांगितलं आणि मालकांनी त्याला सांगितलं, की हिला वर कागद ठेवून बघायचाय. दुकानदारानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "ताई, हे बघायचं असतं. गिरवायचं नसतं. पाटी न्हाय ही."

मालकांनी जरा आवाज चढवला तेव्हा त्यानं पुढं सरकवला. मी मोराचा फोटो लावून घेतला, उजेड सगळा वाढवायला लावला आणि कागद ठेवला. मोर कागदातून वर आला. मान, पोट, पिसारा, सगळा एका जागी, माझ्या वितीएवढा. एवढं स्वच्छ मी दिवसा खिडकीच्या काचेवरसुद्धा कधी बघितलं नव्हतं. मी पेन्सिल टेकवली, तळवा टेकवला, आणि मोर निघून गेला. त्या जागी कुणाच्या तरी बारशाचा फोटो आला. परत आणला, परत टेकवला, मोर एवढा मोठा झाला की नुसता डोळाच उरला. दुकानात अजून दोघं गिऱ्हाईक होते, ते हसले. म्हणालो नव्हतो का मी, असं काहीतरी दुकानदार बोलला. मी कागदाची घडी घातली.

न घेताच आलो. वाटेत मोटारसायकलवर मालक म्हणाले, "मग नको न्हवं?" आणि त्यांच्या आवाजात हलकं वाटल्यासारखं होतं. ते मला जास्त लागलं. भिंतीपलीकडून जावेनं विचारलं की शेळी आणली का बाजारातच सोडली. मालक हसले. त्या दिवशी मी भाजीत मीठ जास्त घातलं, आणि ते चुकून नव्हतं.

पण मोर मी बघितला होता. मला फक्त तो जागेवर धरून ठेवायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो उतरवला आणि त्याची काच काढली. मोबाईल खाली ठेवून ती काच वर ठेवली. तरी कधी कधी फोटो हलायचा. मग काच उचलली आणि चार कोपऱ्यांखाली कोटाची जाड बटणं एकावर एक रचली, म्हणजे काच मोबाईलला न टेकता वर उभी राहिली. तिच्यावर कागद, कागदावर हात. दाबलं, तळवा घासला, कोपर टेकवलं. फोटो जागचा हलला नाही.  मला कळलं होतं की घ्यायचा, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं हेच बरं होतं.

संध्याकाळी मालकांना करून दाखवलं. त्यांनी दोन-तीनदा बोट दाबून बघितलं. मग भिंतीवरच्या उघड्या फोटोकडं बघून म्हणाले, "माझ्या तोंडावर धूळ बसंल की आता." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ते परत जावेकडं गेले.

तिनं पैसे दिले. ते मी नाकारत नाही. पण कसे दिले ते लिहिते. शेजारच्या दोन बायकांना हाक मारून अंगणात बोलावलं, मला भिंतीपाशी उभं केलं आणि एक एक नोट माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "व्याज नको मला. घरातलंच माणूस हाय." त्या बायका म्हणाल्या, लई मोठं मन. व्याज तिनं घेतलंच, तोंडानं घेतलं, रोज.

पाडव्याला टॅबलेट आणला. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा थोरलीच्या हातानं, ही आमच्याकडची रीत. ट्रॅक्टर, मोटारसायकल, फ्रिज, सगळ्याला हळदकुंकू तिनंच लावलेलं. त्यामुळं ती ताट घेऊन आली, हे ठीकच होतं. तिनं पाटावर ताट ठेवलं, ताटात टॅबलेट भिंतीला टेकवून उभा केला, आणि ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं काचेवर वरून खाली ओढली. मग नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलं. पाणी काचेवरून ओघळून ताटात साचलं आणि टॅबलेटची खालची कड त्यात उभी राहिली. चार्जिंगचं भोक खालच्या कडेलाच होतं. मला ते दिसत होतं. ती हात जोडून डोळे मिटून उभी, मालक टोपी घालून उभे. चालू पूजेत हात घालून देव कोण उचलणार. मी डोळे उघडे ठेवून उभी राहिले, आणि तिचे डोळे कधी उघडतात याची वाट बघत होते.

नंतर फडक्यानं पुसला, उन्हात ठेवला. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी चार्ज होईना. मी तो तांदळात पुरून ठेवला, कुणीतरी मोबाईलवर तसं सांगत होतं. तांदूळ पिवळे झाले, दुसरं काही नाही. वैशाखातल्या लग्नांची चार कामं घेऊन बसले होते, लोकांना सांगितलं होतं की आता मोर चुकायचा नाही.

जावेला कळायला वेळ लागला नाही. भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "आटली व्हय गं शेळी?" आणि पुढं गल्लीला उद्देशून, की म्या सांगितलंच हुतं, दोन शेळ्या घेतल्या असत्या तर आज करडं उड्या मारली असती. तिच्या नखात तेव्हाही हळद होती. मी तिच्या नखांकडं बघत होते.

उमरग्याला परत नेला. दुकानदारानं दिव्याखाली धरला, बारीक काडीला कापूस गुंडाळून भोकात फिरवला आणि कापूस आमच्यापुढं धरला. पिवळा. त्यानं वास घेतला. "हळद हाय की ही." मालकांनी तो कापूस हातात घेऊन बघितला. "वॉरंटीत हळद बसत न्हाय," असं म्हणून त्यानं आतला भाग बदलायचे पैसे सांगितले. ते मी लग्नाच्या कामाच्या विसारातून दिले, म्हणजे काम व्हायच्या आधीच कमाई गेली. त्या दुकानदाराचा मला राग यायला पाहिजे होता, पण सगळा राग आधीच एका जागी दिलेला होता.

येताना मालक म्हणाले, "वहिनीला सांगायचं का?" मी मागं बसून मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार. परत त्यांनी विचारलं नाही.

मी का सांगितलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी भली आहे म्हणून नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, देवाच्या कामाला नाव ठेवती, आणि गल्लीला एक नवीन गोष्ट मिळाली असती. आणि खरं म्हणजे मला ती गोष्ट तिला द्यायची नव्हती. तिच्याकडं माझं सगळं होतं. ही एक माझ्याकडं राहू दे, असं वाटलं.

वैशाखात मी पाठ मोडेपर्यंत काम केलं. सकाळी उजेड व्हायच्या आत कागदावर मोर घ्यायची, खालून टॅबलेटचा उजेड, वर लग्नाची काच. एकाही मोराची मान आखूड झाली नाही. लोहारा, माकणी, एक काम तर औराद शहाजानीहून आलं. प्रत्येक कामाचे पैसे आले की त्यातले काही भिंतीवरून जावेच्या हातात द्यायची. ती नोटांकडं बघायची आणि म्हणायची, "एवढंच?"

काम चालू लागलं तशी तिची भाषा बदलली. आधी तो माझा खुळेपणा होता, आता तो तिनं घेऊन दिलेला झाला. चहाला कुणी आलं की भिंतीवरून हाक, दाखव गं त्यांना, म्या घेऊन दिलाय तो. संध्याकाळी येऊन आमच्या उंबऱ्यात बसायची आणि मालिका लावायला सांगायची. माझी नक्षी अर्धी उतरलेली असायची. काच बाजूला, बटणं बाजूला, आणि ती शेंगा खात, शेंगदाण्याच्या तेलकट बोटानं टॅबलेट पुढंमागं करायची. एकदा मी हळूच म्हणाले की काम राहिलंय. ती टॅबलेटवरून नजर न काढता म्हणाली, "माझं फिटूस्तवर माझाबी हाय की गं." ते खरं होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. तिचे पैसे फेडायचे आणि तिचं बोट काचेवरून काढायचं.

तुळशीचं लग्न झालं आणि तिच्या लेकीचं लग्न ठरलं. तिनं मला तीन ब्लाऊज सांगितले, एकावर पालखी, आणि वर म्हणाली, राहिलेलं त्यात फिटलं असं धर. मालकांना ते पटलं. ते म्हणाले, मिटलं की, तुला रोख कुठं द्यायला लागतंय. मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हणाले. कामात फेडलं असतं तर ती जन्मभर सांगत बसली असती की पैसे काय हिनं दिले नाहीत, माझ्या लेकीचं शिवून दिलं, सालगड्यासारखं. मला नोटा द्यायच्या होत्या. मोजून, माणसांत दिल्या होत्या तशा माणसांत. लेकीचे ब्लाऊज मी करीन, पण त्याचा हिशेब वेगळा, हे मालकांनीच तिला जाऊन सांगितलं. दोन दिवस भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज जोरात येत होता.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला काळ्या आईची पूजा करायला आम्ही सगळे शेतात जातो. कडब्याची कोप उभी केली, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावला, माठात ताकाची आंबील, सोबत पालेभाजीची भज्जी आणि बाजरीचे उंडे. मालक सुट्टी काढून ढोकीहून आलेले. त्या दिवशी शेतात येईल त्याला जेवू घालायचं असतं, त्यामुळं माणसं पुष्कळ होती, आणि तिचे नवे व्याहीसुद्धा आले होते. शेवटचे पैसे माझ्या पदराच्या गाठीत होते. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच दोन बायकांपुढं द्यायचे, असं मी ठरवलं होतं. शेतात द्यायचं धाडस माझ्यात नव्हतं.

जेवताना विहीणबाईंनी ब्लाऊजचं विचारलं, इतकी बारीक पालखी कशी काढता म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या. मी उत्तर जुळवेपर्यंत जाऊ पूजेचं ताट खाली ठेवत म्हणाली, "तिच्याकडं यंत्र हाय न्हवं. माझ्याच पैशाचं हाय ते. आमची काचेची शेळी." सगळे हसले. व्याही हसले. मालक आंबिलीच्या वाटीत बघत राहिले.

मी गाठ सोडली. ती लवकर सुटेना, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांचं हसणं थांबलं. मी उठून तिच्यापुढं नोटा धरल्या.

"मोजून घ्या अक्का. आता शेळी माझी."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.  तिनं नाइलाजानं नोटा घेतल्या, कारण व्याह्यांसमोर न घेता कशी राहणार. पूजेचं ओलं हळदकुंकू तिच्या बोटांना होतं. तिनं एकदा मोजल्या, आणि कमी भरतील या आशेनं परत मोजल्या. प्रत्येक नोटेच्या कोपऱ्याला पिवळं-लाल बोट उमटलं. नोटांना हळद लागली तर काही बिघडत नाही.

"एवढी घाई काय हुती," ती म्हणाली, आणि नोटा कनवटीला लावल्या. पैसे पुरे भरले होते.